बाळ ‘नमस्कार’ करतंय असं वाटलं तर...

मा. संपादक,
नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नव्या आयांसाठी लेख आला होता, बाळ दचकतं, हातपाय झटकतं, झोपेत तोंड वेडंवाकडं करतं, हे सगळं नॉर्मल असतं, लगेच दवाखान्यात पळू नका वगैरे. लेख वाईट नव्हता, बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरंच आहे, मी स्वतः दोन मुलं वाढवली आणि चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीची पोरं सांभाळली, त्यामुळे बाळं दचकतात हे मला कुणी सांगायला नको. पण त्या लेखात एक गोष्ट राहिली, काही झटके दचकण्यासारखे दिसतात पण ती खरी फिट असते, आणि नेमकी त्याच गोष्टीपायी आमच्या घरात सात आठवडे वाया गेले, म्हणून लिहितेय. मोबाईलवर टाइप करतेय, शुद्धलेखनाकडे बघू नका (जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल पेन चालवलं, आता माझी पाळी).

लेकीचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माझ्याकडे कराडला झालं. मुलगा. जन्मला तसा लगेच रडला, वजन दोन किलो नऊशे, डोक्याचा घेरही बरोबर, सगळं व्यवस्थित, पेढे वाटून झाले. पहिले दोन-तीन महिने काही शंका आली नाही, म्हणजे मला आली नाही. बाळाला न्हाऊ घालायला मावशी यायच्या, तीस वर्षं हेच काम करतात, त्यांना आली. तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, “बाई, पोरगं हातातनं निसटतंय ओ, अंग लई सैल हाय, पालथं घातलं तर मान उचलायचं नाव न्हाई.” मी काय म्हणाले असेन? मुलगे उशिराच शिकतात, तेल जरा कोमट करून लावा. झालं, विषय संपला.

दुसऱ्या गोष्टी पण होत्या, आता मागे वळून बघितलं की सगळ्या एका रांगेत उभ्या दिसतात. दूध प्यायला पाऊण पाऊण तास लागायचा, मधेच ठसका, कधी नाकातून दूध. दीड-दोन महिन्यांचं पोर आपल्या तोंडाकडे बघून हसायला लागतं, हा हसला तीन महिने उलटल्यावर आणि तेही आवाजाला, चेहऱ्याला नाही, डोळ्याला डोळा असा लावायचाच नाही. चार महिने झाले तरी मान धरली नव्हती. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार, जावईबापू पण लहानपणी उशिरा बसले होते म्हणे, विहीणबाईंनीच सांगितलं, म्हणजे मग प्रश्नच मिटला.

आणि पाचव्या महिन्यात तो नमस्कार करायला लागला. सकाळी झोपेतून उठला की पाच मिनिटांत सुरू व्हायचं. दोन्ही हात एकदम उडायचे आणि पुढे यायचे, मान खाली, गुडघे पोटाशी, डोळे किंचित वर. एक-दोन सेकंद. मग अंग सैल. पाच-दहा सेकंद गेले की परत तेच. असं पंधरा-वीस वेळा, शेवटी रडायचा आणि गळून झोपी जायचा. मी कॉटवर बसून म्हणायचे, बघा बघा बाप्पाला नमस्कार करतोय. भाच्याने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याचे इमोजी, चौदा जणांनी बदाम पाठवले. हे लिहिताना अजून हात थांबतो.

नमस्कारांची संख्या वाढत गेली, दिवसातून तीन-चार वेळा माळ लागायला लागली, तेव्हा आम्ही म्हटलं पोटात कळ येतेय. बेंबीभोवती हिंगाचा लेप, घुटी, ग्राइप वॉटर, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकणं, सगळं करून झालं. त्या काळात त्याचं ते थोडंफार हसू होतं तेही गेलं, आवाजाला वळायचा तेही बंद. दात येत असतील, म्हटलं मी. आता एक गंमत बघा (गंमत कसली), सरकारी लसींचं वेळापत्रक दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने असं जातं आणि मग एकदम नऊ महिने. हा आजार बहुतेक करून सुरू होतो तो तिसऱ्या ते आठव्या महिन्यात, म्हणजे नेमकं ज्या दिवसांत धडधाकट दिसणाऱ्या बाळाला कुणी नर्स, डॉक्टर बघतच नाही. आमच्याकडे सहा महिन्यांच्या भेटीला आशाताई आल्या, वजन-बिजन करायला, तेव्हा त्यांच्यासमोर माळ सुरू झाली. त्या म्हणाल्या, काकू हे दचकणं नाही, दचकायला काहीतरी आवाज लागतो ना, इथे तर पंखासुद्धा बंद आहे. याचा व्हिडिओ काढा आणि आजच डॉक्टरला दाखवा. लेक म्हणाली, व्हिडिओ आहे की.

कराडच्या बालरोगतज्ज्ञांनी तो व्हिडिओ आवाज बंद करून दोनदा बघितला आणि एकच विचारलं, हा कधीचा आहे. व्हॉट्सॲपवर तारीख होतीच. सात आठवडे. ते काही बोलले नाहीत, चिठ्ठी लिहून त्याच दिवशी पुण्याला पाठवलं.

याला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात, दुसरं नाव वेस्ट सिंड्रोम. फिट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तोंडाला फेस, दातखीळ, कांदा हुंगवणं असं चित्र येतं, ही फिट तशी दिसतच नाही, त्यामुळेच फसायला होतं. पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी मला वेस्टची गोष्ट सांगितली तेव्हा मी तिथेच रडले. वेस्ट हा इंग्लंडमधला डॉक्टर, टनब्रिज नावाच्या गावचा. १८४१ साली त्याने ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं, संपादकांनाच, की माझ्या स्वतःच्या मुलाला असं असं होतंय, मान पुढे जाते, परत सैल होतो, एका वेळी दहा ते वीस वेळा, जळवा लावून झाल्या, डोक्यावर गार पट्ट्या ठेवून झाल्या, कुणाला याबद्दल माहिती असेल तर सांगा. त्या काळचे एक मोठे डॉक्टर या झटक्यांना सलामचे झटके म्हणायचे. म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी त्यांना सलाम दिसला आणि कराडच्या बाईला नमस्कार. आणि तो तर डॉक्टर होता, म्हणून मी स्वतःला थोडी माफी देते, जास्त नाही.

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख काढला, त्याचा कागद म्हणजे पहिलीतल्या पोराच्या हातात पेन्सिल दिल्यावर जे होतं ते, उंच-सखल नुसता गिरगटा. याला हिप्सॅरिदमिया म्हणतात. मग झोपेचं औषध देऊन एमआरआय. आणि एमआरआयमध्ये खरा आजार दिसला, लिसेनसेफली. लिसोस म्हणजे गुळगुळीत, मूळ ग्रीक शब्द. आपला मेंदू अक्रोडासारखा वळ्या वळ्यांचा असतो, याचा मेंदू जवळपास सपाट. मॅडमनी स्क्रीनवर शेजारी दुसऱ्या बाळाचा फोटो लावून दाखवला, मला कुठलंही शास्त्र न शिकता फरक कळला. साध्या मेंदूची वरची साल दोन ते चार मिलिमीटर जाड असते, याची एक सेंटिमीटरच्या वर. मला वाटलं जाड म्हणजे चांगलं असेल. नाही.

होतं काय, तर पोटात बाळ तीन-चार महिन्यांचं असतं तेव्हा मेंदूच्या पेशी आत मधोमध जन्मतात आणि तिथून बाहेरच्या सालीपर्यंत चालत जातात. मी त्याला आमच्या घरात वारी म्हणते. आळंदीहून सगळे निघाले, प्रत्येक दिंडीचा नंबर ठरलेला, मुक्काम ठरलेला, पंढरपुरात पोचून आपापल्या जागी सहा थरांत बसायचं. याच्या पेशी निघाल्या पण फलटणच्या पुढे गेल्याच नाहीत, तिथेच गर्दी करून बसल्या, त्यामुळे साल जाड झाली, सहाच्या जागी चारच थर झाले आणि वळ्या पडल्या नाहीत. चालायला लावणारं एक जीन असतं, एलआयएस-वन नावाचं, सतराव्या क्रोमोसोमवर, ते १९९३ साली सापडलं. त्या जीनची एक कॉपी याच्यात बिघडलेली आहे. काही मुलांमध्ये क्रोमोसोमचा तेवढा तुकडाच गळालेला असतो, शेजारची जीन्स घेऊन, त्याला मिलर-डीकर सिंड्रोम म्हणतात, त्यांचा चेहराही थोडा वेगळा असतो, कपाळ उंच, नाक छोटं, काहींना हृदयाचाही त्रास. आमच्याकडे तेवढं नाही. लाखात एखादं पोर असं जन्मतं म्हणतात, पण ज्या घरात जन्मतं तिथे शंभर टक्के असतं.

निदान कळल्यावर नातेवाईकांनी दोन गोष्टी केल्या. एक, सोनोग्राफीवाल्यावर केस करा म्हणाले, पाचव्या महिन्यात सगळं नॉर्मल लिहून दिलं होतं ना. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं. पण पाचव्या महिन्यात प्रत्येकच बाळाचा मेंदू बराचसा गुळगुळीत असतो, वळ्या पडायला खऱ्या अर्थाने त्याच्यानंतर सुरुवात होते आणि सातव्या-आठव्या महिन्यात त्या नीट दिसतात. म्हणजे त्या डॉक्टरने नॉर्मल लिहिलं ते त्या दिवशी खरंच होतं. दुसरं म्हणजे माझ्या लेकीला धरलं. ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती, कुणीतरी पाहिलं होतं म्हणे. एक काकू म्हणाल्या नात्यात लग्न केलं की असंच होतं, अहो पण त्यांचं लग्न नात्यात नाहीच, आणि नात्यातल्या लग्नामुळे होणारे याचे काही वेगळे प्रकार आहेत पण हा तो नव्हे. लेक आणि जावई दोघांचं रक्त तपासलं (एक अख्खा पगार त्यात गेला), दोघांच्यात दोष नाही. बाळ राहिलं त्या क्षणीच जीनमधलं अक्षर चुकलेलं. विळी, ग्रहण, पपई, कशाकशाचा संबंध नाही. मी ते रिपोर्ट मराठीत लिहून फॅमिली ग्रुपवर टाकले, त्याच ग्रुपवर, यावेळी कुणी बदाम पाठवले नाहीत पण बोलणं बंद झालं.

प्रत्येक घरात मात्र असंच नसतं. फिजिओथेरपीला एक आई यायची, तिच्या मुलाला पण लिसेनसेफली आणि तिला स्वतःला शाळेपासून अधूनमधून फिट्स, कुणी कधी त्याचा संबंध जोडला नव्हता. तिचा एमआरआय काढला तर साल नॉर्मल पण तिच्या खाली पेशींचा दुसरा पट्टा, डबल कॉर्टेक्स म्हणतात. ते जीन वेगळं, डीसीएक्स, एक्स क्रोमोसोमवरचं. बाईला दोन एक्स असतात त्यामुळे निम्म्या पेशी पोचतात निम्म्या राहतात, मुलाला एकच एक्स, त्याच्या सगळ्याच राहतात. म्हणून जीनची तपासणी करायची, आता काय उपयोग असं म्हणून सोडायची नाही, कारण पुढच्या बाळाचा हिशोब त्यावर ठरतो. तिच्यासारख्या घरात पुढच्या मुलग्याला होण्याची शक्यता निम्मी, आमच्याकडे अगदी कमी, तरी शून्य नाही, म्हणून पुढच्या वेळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वारेची किंवा गर्भजलाची तपासणी करा असं सांगितलंय. लेक अजून तयार नाही आणि मी विचारत नाही.

उपचाराचं खरं सांगते. गुळगुळीत मेंदू परत वळ्यांचा होत नाही, त्याला औषध नाही. पण स्पाझमला आहे, आणि ते लवकर सुरू करायचं असतं, प्रत्येक आठवडा मोजायचा असतो. एसीटीएच नावाच्या हार्मोनची इंजेक्शनं, नाहीतर स्टिरॉइडचं तोंडातून द्यायचं औषध, नाहीतर व्हिगाबॅट्रिन हे फिटचं औषध. आम्हाला आधी स्टिरॉइड दिलं, मोठा डोस, बीपी आणि साखर तपासत, पोराचं तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं, रात्रभर चिडचिड, भूक भूक, लसही पुढे ढकलावी लागली. अकराव्या दिवशी सकाळी उठला आणि नमस्कार केला नाही. आम्ही तिघं कॉटभोवती श्वास धरून उभे. दोन महिन्यांनी परत आले झटके, मग व्हिगाबॅट्रिन, त्याने नजरेवर परिणाम होऊ शकतो म्हणून डोळ्यांची तपासणी. ज्या बाळांच्या मेंदूच्या रचनेत काही दोष नसतो, पण हेच स्पाझम येतात, त्यांच्यातली काही वेळेवर औषध मिळालं तर बरीचशी नॉर्मल वाढतात. माझ्या नातवाचं काय झालं असतं सात आठवडे आधी नेलं असतं तर? मॅडम म्हणाल्या मूळ आजार तोच राहिला असता, पण ते गेलेलं हसू कदाचित तेवढं गेलं नसतं. कदाचित. त्या शब्दाला धरून मी चार वर्षं बसलेय.

आता तो चार वर्षांचा आहे. बसत नाही, बोलत नाही, डॉक्टरांच्या भाषेत चार-पाच महिन्यांच्या बाळाएवढं येतं. जन्मताना डोक्याचा घेर बरोबर होता तो नंतर वाढलाच नाही पुरेसा. आधी अंग सैल होतं, आता उलट, पाय कात्रीसारखे एकमेकांवर ताठ होतात, रोज सकाळ-संध्याकाळ ताणून सोडवावे लागतात. गिळणं हे सगळ्यात मोठं काम, पातळ पाणी दिलं की श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया, म्हणून नाचणीची दाटसर पेज, खिमटी, तेही ताठ बसवून आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं न करता. दोनदा न्यूमोनियाने ॲडमिट होता. पोटातून नळी बसवायची का यावर घरात चर्चा चालू आहे, जावई हो म्हणतात, लेक नाही म्हणते, मी आधी नाही म्हणायचे, आता हो. फिट्स रोज येतात, वेगवेगळ्या प्रकारच्या. आणि तरीही, मी पहिलीची कविता म्हणायला लागले की तो हालचाल थांबवून ऐकतो, दुसऱ्या कुणी म्हटली तर नाही. हे मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या लिहून ठेवा, हे पण रिपोर्टमध्येच धरा.

सरकारी कामाचं थोडक्यात. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड निघतं, नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं आणि तेही वेटिंग रूममध्ये दुसऱ्या आईकडून. २०२१चं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आहे, पन्नास लाखांपर्यंत मदत, मुंबईचं केईएम त्याचं केंद्र आहे, आम्ही मोठ्या आशेने वाचलं, पण ते धोरण ज्या आजारांवर उपचार आहेत त्यांच्यासाठी आहे. आमच्यासारख्यांना लागतं ते म्हणजे जवळच्या गावात फिजिओथेरपी, गिळण्याचं शिकवणारं कुणीतरी, आणि आठवड्यातून चार तास लेकीला झोप. ते कुठल्याच यादीत नाही. जिल्ह्याच्या हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या वाढीतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं डीईआयसी म्हणून केंद्र असतं, तिथे जरूर जा, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी.

तर संपादक साहेब, माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी बाळाच्या दचकण्यावर छापाल तेव्हा एक चौकट टाका. दचकणं आवाजाने, धक्क्याने होतं आणि सहा महिन्यांपर्यंत कमी होतं, झटके कारण नसताना येतात, माळ लागल्यासारखे येतात, बहुतेक झोपेतून उठताना, आणि मधल्या काळात बाळ हसणं, बघणं विसरत जातं. असं दिसलं की व्हिडिओ काढा, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरला दाखवा, ग्रुपवर नाही. आज्यांनो तुम्ही विशेष करून वाचा, कारण घरात तुमचंच ऐकतात.

जागा कमी असेल तर माझं पत्र कुठेही कापा, माझी हरकत नाही. फक्त न्हाऊ घालणाऱ्या मावशींचं वाक्य तेवढं ठेवा, त्या पेपर वाचत नाहीत पण त्यांची सून वाचते, ती त्यांना दाखवेल.

नाव छापू नये,
एक आजी, कराड